लागोपाठ दोन मुलाखती, दोन गावं: सातारा-सांगलीच्या प्राध्यापक उमेदवारांसाठी प्रवासाचं नियोजन

जून-जुलै लागला की तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे शिकवलेल्या तासांनुसार मानधनाच्या, जागांच्या जाहिराती एकामागून एक येतात. त्यातच एखाद्या संस्थेच्या कायम पदांचं बोलावणं येतं आणि एकाच आठवड्यात मंगळवारी कोल्हापूर, बुधवारी पुणे, शुक्रवारी सोलापूर असं होऊन बसतं. विषयाची तयारी सगळे करतात. प्रवासाचं मात्र "स्टँडवर गेलं की गाडी मिळतेच" यावर सोडलेलं असतं. एका मुलाखतीपुरतं ते चालून जातं, लागोपाठच्या मुलाखतींना चालत नाही.

याचं कारण एकच. पहिली मुलाखत किती वाजता संपेल, हे तुमच्या हातात नसतं. विषयतज्ज्ञ बाहेरगावहून येणार, विद्यापीठाचे प्रतिनिधी येणार, सगळे जमल्याशिवाय समिती बसत नाही. पत्रात सकाळी १० ची वेळ असते, ती हजेरीची. आत बोलावणं येईपर्यंत दुपार होते, कधी दिवेलागणीची वेळही. म्हणून सगळं नियोजन दुसऱ्या मुलाखतीच्या हजेरीपासून उलट मोजत करायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. पत्र हातात आलं की आधी स्थळ पाहा

मुलाखतीचं पत्र किंवा ई-मेल वाचताना तीन गोष्टींखाली पेनानं रेघ मारा: मुलाखतीचं स्थळ, हजेरीची वेळ आणि सोबत आणायच्या कागदांची यादी. सगळ्यात जास्त चुका पहिल्या गोष्टीत होतात.

महाविद्यालय जिथं आहे तिथंच मुलाखत होईल, असं धरून चालू नका. ज्या संस्थांची महाविद्यालयं अनेक जिल्ह्यांत आहेत, त्या मुख्य कार्यालयात बोलावू शकतात. रयत शिक्षण संस्थेचं मुख्य कार्यालय साताऱ्यात आहे. सांगलीचं विलिंग्डन महाविद्यालय पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं आहे. पद सांगलीचं, मुलाखत दुसऱ्याच शहरात, असं होऊ शकतं. स्थळाची ओळ दोनदा वाचा.

नावांचा घोळ तर आपल्या भागात फारच. कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय इस्लामपूरला आहे, पंढरपूरला आहे आणि नवी मुंबईत वाशीलाही आहे. यशवंतराव चव्हाणांच्या नावाची महाविद्यालयं साताऱ्यात आणि कराडमध्ये दोन्हीकडे आहेत. कराडमध्ये विद्यानगर आहे आणि शिवाजी विद्यापीठाचा कोल्हापुरातला पत्ताही विद्यानगरच. मुंबई विद्यापीठाची फोर्टला एक जागा आहे, कलिन्याला दुसरी, आणि दोन्हींमध्ये लोकलचा प्रवास आहे. नकाशावर नुसतं नाव टाकून पहिलं दिसेल ते ठिकाण धरू नका. पत्त्यातला पिनकोड टाकून खात्री करा.

गावांची नावं बदलली आहेत, त्याचंही भान ठेवा. अहमदनगरचं अहिल्यानगर, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव झालं. आरक्षणाच्या ॲपवर एका नावानं गाडी दिसली नाही, तर जुन्या नावानंही शोधून पाहा.

२. उलट मोजणी करा, कागदावर

एक उदाहरण घेऊ. मंगळवारी सकाळी १०.३० ला कोल्हापुरात हजेरी. बुधवारी सकाळी १० ला पुण्यात शिवाजीनगर भागात हजेरी.

बुधवारपासून मागे या. १० ची हजेरी म्हणजे ९.३० ला फाटकात. स्वारगेटहून मेट्रोनं शिवाजीनगरला जायचं, पुढं रिक्षा किंवा पायी, म्हणजे ८.४५ पर्यंत स्वारगेटला उतरलेलं असायला हवं. साताऱ्याहून पुणे साधारण ११० किलोमीटर. विनाथांबा एसटीला अडीच ते तीन तास लागतात. खंबाटकी घाट आणि खेड शिवापूरच्या गर्दीसाठी आणखी एक तास धरा. म्हणजे साताऱ्याहून पहाटे पाचच्या आत निघायला हवं. सांगलीहून पुणे सुमारे २३० किलोमीटर, म्हणजे मध्यरात्री दोन-तीनला निघावं लागेल. तसं निघायचं नाही. रात्रभर बसमध्ये बसून सकाळी समितीपुढं गेलेल्या माणसाला आपल्याच प्रबंधाचं शीर्षक आठवत नाही.

आता मंगळवारची बाजू. कोल्हापूरची मुलाखत वाईटात वाईट संध्याकाळी ६.३० ला संपेल असं धरा. दुपारी २ ला संपली तर चांगलंच, पण हिशेबात धरायची ती ६.३०. मुलाखत शिवाजी विद्यापीठात असेल तर ते शहराच्या कडेला आहे, मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत यायला अर्धा तास. म्हणजे ७ च्या आधीची कोणतीही गाडी आरक्षित करू नका. मधल्या प्रवासाचं तिकीट काढायचंच असेल तर रात्री ८.३० नंतरचं काढा.

असं मांडलं की मधे किती वेळ खरोखर मोकळा आहे ते दिसतं: मंगळवारी संध्याकाळी ७ ते बुधवारी सकाळी ८.४५. त्यात प्रवास आणि किमान पाच तासांची झोप बसली पाहिजे. बसत नसेल तर दोन्ही मुलाखती होणार नाहीत. कोणती सोडायची, याचा विचार आताच करा.

एकाच दिवशी दोन मुलाखती असतील तर? सांगली आणि मिरज, किंवा फार तर सांगली आणि कोल्हापूर एवढ्या अंतरातल्या असतील आणि त्यातली एक दिवसभर चालणारी थेट (वॉक-इन) मुलाखत असेल, तरच प्रयत्न करा. सातारा आणि सांगली एका दिवसात करायला जाऊ नका, अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे.

३. सातारकरांचा हिशेब वेगळा, सांगलीकरांचा वेगळा

सातारा पुणे आणि कोल्हापूरच्या जवळजवळ मध्यावर आहे. कोल्हापूर १२० किलोमीटरच्या आसपास, पुणे ११०. त्यामुळं वरच्या उदाहरणात सातारकरानं मंगळवारी रात्री दहा-साडेदहाला घरी यावं, आपल्या अंथरुणात झोपावं, पहाटे पुण्याची गाडी धरावी. लॉजचा खर्च वाचतो आणि दुसऱ्या दिवसाची फाइल घरी शांतपणे लावता येते.

फक्त एक खाच आहे. कोल्हापूर-पुणे लांब पल्ल्याच्या सगळ्या गाड्या सातारा स्टँडमध्ये येत नाहीत. काही बायपासनंच जातात आणि बॉम्बे रेस्टॉरंट चौकाजवळ उतरवतात. बसमध्ये चढतानाच वाहकाला विचारा. रात्री तिथं उतरायचं असेल तर घरच्या कोणाला तरी आधी सांगून ठेवा.

सांगलीकरांनी मात्र कोल्हापूरहून घरी परतण्याचा मोह टाळावा. पन्नास किलोमीटर परत यायचं, आणि पुण्याला जायला पुन्हा पेठ नाक्यापर्यंत जाऊन महामार्ग धरायचा, यात झोपेचे दोन-तीन तास जातात. कोल्हापूरहून थेट पुण्याला जा. याचा अर्थ दोन्ही मुलाखतींचे कागद आणि कपडे घेऊनच मंगळवारी पहाटे घर सोडायचं.

सांगलीची खरी ताकद मिरज जंक्शन आहे. पुणे, कोल्हापूर, बेळगाव-हुबळी आणि पंढरपूर-कुर्डुवाडी अशा चार दिशांना तिथून रेल्वे जाते. सोलापूरला रस्त्यानं सांगोला-मंगळवेढ्यावरून सरळ जाता येतं. तेव्हा सोलापूर आणि कोल्हापूर अशी जोडी आली तर सांगलीकराला घरी मुक्काम करून दोन्ही जमतात, सातारकराला ते जड जातं.

सोलापूर विद्यापीठ केगावला आहे, शहराबाहेर पुणे रस्त्यावर. पुण्याकडून येणाऱ्यांना ते शहराच्या आधी लागतं. मंगळवेढ्याकडून येणाऱ्यांना शहर गाठून पुन्हा बाहेर जावं लागतं, त्यासाठी पाऊण तास वेगळा ठेवा.

४. गाडी कोणती

कमी अंतरासाठी, म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आत, एसटीच बरी. एक चुकली तर दुसरी मिळते. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळं खर्चाचा हिशेबही हलका होतो. वडापच्या गाडीवर मुलाखतीच्या सकाळी भिस्त ठेवू नका. सीट भरल्याशिवाय ती हलत नाही. गावातून तालुक्याच्या स्टँडपर्यंत यायला दुसरं काहीच नसेल तर एक तास आधी निघा.

लांबच्या अंतराला रेल्वे. त्यातल्या कामाच्या गोष्टी एवढ्या:

महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री कोल्हापूरहून सुटते, मिरज, सांगली, कराड, सातारा करत पहाटे पुण्याला आणि सकाळी मुंबईला पोहोचते. मुंबईच्या मुलाखतीला ही गाडी सोयीची, मात्र हजेरी ११ नंतरची असेल तर. ९.३० ची असेल तर आदल्या दिवशीच मुंबईत असावं. पुण्यासाठी ती फार लवकर पोहोचते, फाटक उघडेपर्यंत कुठं थांबायचं ते आधी ठरवा.

सातारा रेल्वे स्थानक शहरात नाही, माहुलीला आहे, शहरापासून सहा-सात किलोमीटरवर. रात्री-अपरात्री तिथं रिक्षा मिळेलच असं नाही. कोणी सोडायला-आणायला असेल तरच रात्रीची गाडी धरा.

विदर्भातल्या मुलाखतीसाठी महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट आहे, पण ती दुपारी कोल्हापूरहून निघते आणि नागपूरला दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीच्या वेळेत पोहोचत नाही. नागपूरला १० ची हजेरी असेल तर दोन दिवस आधी बसावं लागतं. त्यामुळं नागपूर आणि लगोलग पुणे हे गणित रेल्वेनं सुटत नाही.

वंदे भारत वेगवान आहे, पण या मार्गावर रोज नाही. वार पाहिल्याशिवाय तिच्यावर बेत आखू नका.

आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. मुलाखतीचं पत्र तर पंधरा दिवस आधी येतं, कधी आठच. त्यामुळं बहुतेकांना तत्काळच काढावं लागतं. गाडी जिथून सुटते तिथल्या सुटण्याच्या तारखेच्या आदल्या दिवशी सकाळी १० ला वातानुकूलित आणि ११ ला शयनयान वर्गाचं तत्काळ सुरू होतं. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी खात्याला आधार पडताळणी लागते. ती पत्र आल्या दिवशीच करून ठेवा. निश्चित झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. पहिली मुलाखत लांबण्याची भीती असेल तर मधल्या टप्प्याला तत्काळ काढू नका, बसची जागा धरा. प्रतीक्षा यादीतल्या तिकिटावर मुलाखत अवलंबून ठेवू नका.

५. महाविद्यालयाला कळवा, योग्य शब्दांत

वेळ अडचणीची असेल तर विनंती करायला संकोच वाटायचं कारण नाही. तारीख बदलून मागू नका, समितीची तारीख एका उमेदवारासाठी हलत नाही. क्रम मात्र पुढंमागं करता येतो. आधी ई-मेल, मग दुसऱ्या दिवशी कार्यालयात फोन. फोन उचलणारे वरिष्ठ लिपिक असतील तर त्यांच्याशी आदरानं बोला. मुलाखतीच्या दिवशी यादी त्यांच्याच हातात असते.

मजकूर असा ठेवा:

"मा. प्राचार्य महोदय, आपल्या महाविद्यालयातील सहायक प्राध्यापक पदासाठी मला मंगळवारी सकाळी १०.३० वाजता मुलाखतीस बोलावले आहे. बुधवारी सकाळी १० वाजता पुणे येथे माझी दुसरी मुलाखत आहे. शक्य असल्यास मुलाखतीच्या क्रमात मला दुपारपूर्वी संधी मिळावी, ही विनंती. ते शक्य नसल्यास मी ठरलेल्या वेळेनुसार उपस्थित राहीन."

शेवटचं वाक्य गाळू नका, त्यामुळं विनंतीला अटीचा वास येत नाही. दुसऱ्या संस्थेचं नाव लिहू नका, गाव आणि वेळ पुरे.

घरून निघण्यापूर्वी आणखी एक ठरवा: किती वाजेपर्यंत थांबायचं. पहिली जागा तासिका तत्त्वावरची आणि दुसरी अनुदानित कायम पदाची असेल, तर पहिलीकडून संध्याकाळी ५ ला उठायचं, असं पक्कं करून जा. उलट असेल तर रात्री ८ पर्यंतही थांबा. बाकावर बसून, आजूबाजूचे चारजण चार सल्ले देत असताना हा निर्णय नीट होत नाही.

६. फाइल: दोन मुलाखती, तीन संच

मूळ कागदांचा एक संच आणि साक्षांकित झेरॉक्सचे मुलाखतींपेक्षा एकानं जास्त संच. दोन मुलाखती, तर तीन. वाटेत एक झेरॉक्स पान गहाळ झालं, तर सकाळी ९ ला अनोळखी गावात दुकान उघडं सापडत नाही.

सोबत हवेत ते कागद:

- मुलाखतीचं पत्र, भरलेल्या अर्जाची प्रत, शुल्क भरल्याची पावती
- दहावीपासूनच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रं
- नेट किंवा सेटचं प्रमाणपत्र
- पीएच.डी.ची पदवी किंवा अधिसूचना, आणि ती यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमावलीनुसार झाल्याचं विद्यापीठाचं प्रमाणपत्र
- जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, जे लागू असेल ते
- अनुभवाची प्रमाणपत्रं आणि विद्यापीठाची मान्यतापत्रं
- सध्या नोकरी असेल तर ना-हरकत प्रमाणपत्र
- नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला
- शोधनिबंधांच्या प्रती, आधार, पॅन, सहा फोटो

यातले दोन कागद ऐनवेळी दगा देतात. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, जूनमध्ये फाइल उघडल्यावर ते लक्षात येतं आणि नवीन काढायला वेळ उरत नाही. दुसरा, ना-हरकत प्रमाणपत्र. प्राचार्य रजेवर असले की सही अडते. पत्राची वाट न पाहता अर्ज करतानाच मागून ठेवा.

मूळ फाइल बसच्या डिकीत किंवा टपावर कधीही देऊ नका. ती पाठीवरच्या पिशवीत, प्लास्टिकच्या जाड आवरणात. पावसाळ्यात त्यावर आणखी एक पिशवी. सगळे कागद मोबाइलवरून नीट स्कॅन करून ई-मेलवर आणि पेनड्राइव्हवर ठेवा. दोन्ही संस्थांचे झेरॉक्स संच वेगवेगळ्या रंगांच्या फाइलींत लावा. कोल्हापूरच्या संचातलं अर्जाचं पान पुण्यात निघालं, तर समितीसमोर ते बरं दिसत नाही.

मूळ प्रमाणपत्र कार्यालयात ठेवून घ्यायला मागितलं तर नम्रपणे सांगा, "दुसऱ्या दिवशी पडताळणी आहे, मूळ दाखवतो, प्रत ठेवून घ्या." छाननीच्या टेबलावरून उठताना मूळ कागद मोजा. निघताना किती होते तो आकडा फाइलच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेला असू दे.

७. मुक्काम

स्टँडपेक्षा मुलाखतीच्या जागेजवळ राहा. विलिंग्डन किंवा वालचंदला मुलाखत असेल तर ती दोन्ही विश्रामबागला आहेत, सांगली आणि मिरजेच्या मधे. मिरजेत लॉज शोधत असाल तर लक्षात घ्या, तिथं दवाखान्यांमुळं पेशंटच्या नातेवाइकांची कायम गर्दी असते. फोन करून खोली पक्की करा. साताऱ्यात सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी कासच्या फुलांसाठी आलेल्या लोकांमुळं खोल्या भरतात. गरम पाणी सकाळी कितीला येतं, एवढं आधी विचारा. लॉजवर ओळखपत्र म्हणून आधार दाखवा, मूळ फाइल काउंटरवर उघडू नका.

८. पाऊस, वारी आणि सुट्ट्या

तासिका तत्त्वाच्या मुलाखती आणि कृष्णा-पंचगंगेचे पूर एकाच हंगामात येतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी शिरोलीजवळ पाणी आल्यानं पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये रोज दोन आकडे पाहा: सांगलीत आयर्विन पुलाजवळची पातळी आणि कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची. आयर्विनला ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका. राजाराम बंधाऱ्याला ३९ आणि ४३. पातळी इशाऱ्याकडे सरकत असेल आणि कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी असेल, तर थांबू नका. मुलाखत नदीच्या ज्या बाजूला आहे त्या बाजूला एक दिवस आधी जाऊन राहा. रस्ता बंद झाला तर त्याच दिवशी महाविद्यालयाला ई-मेल करा, बातमीचं छायाचित्र जोडा. आपत्तीमुळं तारीख पुढं गेल्यास तुमचा मेल नोंदीला राहतो.

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद, फलटण मार्गे जाते. त्या दिवसांत फलटण, माळशिरस, पंढरपूर बाजूच्या मुलाखतीला नेहमीचा रस्ता आणि नेहमीची वेळ धरू नका. वाहतूक वळवलेली असते, शिवाय एसटीच्या गाड्या यात्रेला गेल्यानं रोजच्या फेऱ्या कमी होतात. गणपतीच्या आधी कोकणाकडे गाड्या जातात तेव्हाही तेच. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून साताऱ्याकडे आणि रविवारी संध्याकाळी साताऱ्याहून पुण्याकडे येताना खंबाटकीत दीड तास जास्तीचा धरा. सोमवारी सकाळी पुण्यात हजेरी असेल तर रविवारी दुपारी १२ च्या आत निघा.

९. पहिली मुलाखत संपल्यावरचा अर्धा तास

बाहेर आल्यावर गप्पांत रमू नका. प्रवासखर्च मिळणार असेल तर त्याचा फॉर्म तिथंच भरा. केंद्रीय संस्था तो देतात तेव्हा मूळ तिकीट मागतात, बहुतेक महाविद्यालयं देत नाहीत. एसटीचं कागदी तिकीट पाकिटात दुमडून ठेवलं तर शाई पुसट होते, त्याचा लगेच फोटो काढा. मूळ कागद मोजा. पहिल्या संस्थेची फाइल पिशवीच्या तळाशी, दुसरीची वर. मुलाखतीचे कपडे बदला आणि साधे घाला, दुसरा जोड घडी न मोडता वेगळा राहू दे.

मग दुसऱ्या महाविद्यालयाच्या कार्यालयाला एक फोन करा आणि उद्याच्या मुलाखती ठरल्याप्रमाणे आहेत का, ते विचारा. समितीतले सदस्य न आल्यानं ऐनवेळी तारखा पुढं जातात आणि ई-मेल कधी कधी रात्री येतो. कार्यालय साडेपाचच्या सुमारास बंद होतं, त्याआधीच हा फोन झाला पाहिजे. मुलाखत त्यापुढं लांबणार असं दिसलं, तर बाहेर नंबरची वाट पाहत बसला असतानाच करून घ्या.